जाळ्यातली रिकामी ओळ

नामाभाऊंना मी ओळखत होतो, असं म्हणायला मन धजत नाही. आमच्या मोजून चार भेटी झाल्या. त्यांचं आडनाव नाखवा होतं हे मला ते गेल्यावर कळलं, कोपरीतल्या चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावरून. फलकावरचा फोटोही आधी मला दुसऱ्याच कुणाचा वाटला, कारण फोटोत टोपी होती आणि मी त्यांना कायम उघड्या डोक्याने पाहिलेलं. त्यांना मुलं किती, बायको कधी वारली, शाळेत शिपाई व्हायच्या आधी ते काय करत होते, यातलं मला काहीच सांगता येणार नाही. विचारायला हवं होतं. सुचलं नाही.

पण माझी पुतणी समृद्धी म्हणाली, "काका, स्मरणिकेत नामाभाऊंवर तुम्हीच लिहा. तुमची त्यांच्याशी गट्टी होती." गट्टी होती की नाही, मला माहीत नाही. 'नाही' म्हणणं मला आयुष्यात फारसं जमलेलं नाही, म्हणून लिहितो आहे. चुकलं तर माफ करावं.

समृद्धी शाळेत विज्ञान शिकवते. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण इथल्या शाळांमधली मुलं छोटे रोबो बनवतात, त्यांच्या अजिंक्यपद स्पर्धेचं काम ती आणि तिचे सहकारी बघतात. फळ्या ठोकून मैदान केलेलं असतं. त्यात काळ्या रेघा असतात, प्लास्टिकचे चेंडू असतात. रोबोने रेघ धरून चालायचं, चेंडू उचलून टोपलीत टाकायचे. सामना अडीच मिनिटांचा. एवढं मला समजलं. ते चालतं कसं, हे दोनदा समजावून घेतलं आणि दोन्ही वेळा समजल्यासारखी मान हलवली.

मी पाणीपुरवठा खात्यात आरेखक होतो. एकतीस वर्षं जलवाहिन्यांचे नकाशे काढले. समृद्धीने फोन केला तो तेवढ्यासाठीच. "काका, तुमचं अक्षर छान आहे. वेळापत्रकाचा मोठा तक्ता काढून द्या ना. लांबून दिसेल असा."

मी डोंबिवलीहून कोपरीला गेलो. स्पर्धा तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक काळासावळा, हडकुळा माणूस उभा होता. वय माझ्याएवढंच, सत्तरीच्या पुढे. ते नामाभाऊ. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा-तेरा वर्षं झाली होती, पण हॉलच्या किल्ल्या अजून त्यांच्याकडेच होत्या. त्या परत मागायचं धाडस कुणी केलं नसावं.

आत बैठक चालू होती. स्पर्धेची रचना कशी असावी, यावर. मुख्य पंच हरिहर सर कॉलेजात शिकवतात, हुशार माणूस. ते फळ्यावर काहीतरी झाडासारखं काढत होते. बारा संघ, त्यातले सहा बाद, मग तीन, मग एकाला थेट पुढे चाल. मी वहीत उतरवून घेत होतो आणि तीन संघांमधून दोन अंतिम फेरीला कसे जातात, तिथे माझी गाडी अडली. विचारावं की नको, या विचारात असताना दारातून आवाज आला.

"सर, म्हंजे गेल्या वर्षासारखाच?"

"हो नामाभाऊ. बाद पद्धत. हरला तो बाहेर. अजिंक्यपद आहे, सहल नाही."

"गेल्या वर्षाला साडेदहा वाजता सहा टीम बाहेर बसलेल्या. कळव्याच्या पोरी चार वाजेपर्यंत गेटवर. त्यांचा टेम्पो चारला येनार होता. आठ महिने त्यांनी तो डबा बनवला, अडीच मिनिटं चालला. चा मी पाजला."

"तो डबा नाही, रोबो आहे," हरिहर सर हसले.

"चालला असता तर रोबो बोललो असतो."

सगळे हसले, हरिहर सरही. मग समृद्धी म्हणाली की कळव्याच्या त्या मुली या वर्षी येतील असं दिसत नाही. नऊजणी होत्या, आता तिघीच उरल्यात. या खेपेलाही तसंच झालं तर आपण गटच बंद करू, असं त्यांच्या शाळेने कळवलं होतं.

"येतायत," नामाभाऊ म्हणाले. "मी गेलेलो. पूल ओलांडून चालत गेलो. बोललो, चार खेळ भेटतील, माझा शब्द."

हरिहर सरांनी खडू खाली ठेवला. "तुम्ही कुणाला विचारून शब्द दिलात?"

नामाभाऊंनी किल्ल्या नुसत्या दुसऱ्या हातात घेतल्या. ती धमकी होती की हात अवघडला होता, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

शेवटी तडजोड झाली. प्रत्येक संघाला चार सामने, मग चेंडूंच्या गुणांवर पहिले चार संघ उपांत्य फेरीला. पण त्यातून दुसरीच भानगड निघाली. एवढे सामने एका मैदानावर वेळेत होईनात. दुसरं मैदान हवं, आणि जागा फक्त हॉलला लागून असलेल्या गॅलरीत. गॅलरी पूर्वेची. बारा वाजेपर्यंत तिथे ऊन. उन्हात रोबोचा डोळा दिपतो आणि त्याला काळी रेघ सापडत नाही, असं समृद्धीने सांगितलं. हरिहर सर म्हणाले, सहा संघ हॉलमध्ये, सहा गॅलरीत, असे दोन गट करू. मग गॅलरीत कोण, यावरून परत वाद. मी वही मिटली. कुणाचंच चूक आहे असं मला वाटत नव्हतं आणि तरी काहीतरी चुकत होतं.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी मी तक्त्याचा कागद घेऊन हॉलमध्ये बसलो. सकाळपासून चार कागद फाडले होते. नामाभाऊ मैदानाभोवती जुनं मासेमारीचं जाळं ताणून बांधत होते, चेंडू बाहेर उडू नयेत म्हणून. माझ्या चौकोनांकडे बघत ते म्हणाले, "नकाशेवाले, तुमच्या चौकोनात पोरा हलतच नायत."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी नकाशेवाले.

"हलतील कशी? कोण कुठे ते ठरलेलं असतं."

"खाडीत नाय ठरलेला." ते माझ्याशेजारी बसले. "माझ्या बापाच्या वक्ताला आमच्या जाळी लावायच्या बारा जागा होत्या. दोन-तीन झकास. एक नुसता चिखल. दर उधाणाला सगळे एक जागा पुढं सरकायचे. आज चिखलात हाय तो पुढच्या उधाणाला पयल्या जागेवर. भांडन नाय."

"म्हणजे हॉलवाले गॅलरीत आणि गॅलरीवाले हॉलमध्ये?"

"दोन खेळ सावलीत, दोन उन्हात. सगळ्यांना."

मी ते कागदावर मांडायला बघितलं आणि सातव्या रांगेला एक संघ स्वतःशीच खेळायला लागला. नामाभाऊ उठले. जाळ्याचा उरलेला तुकडा त्यांनी जमिनीवर पसरला, घरून बायकोच्या जुन्या साड्यांच्या पट्ट्या आणल्या, बारा संघांना बारा रंग. जाळ्याच्या मधोमध एक लाल सुतळी ओवली. सुतळीच्या डावीकडे हॉल, उजवीकडे गॅलरी. वरून खाली एकेक ओळ म्हणजे एकेक फेरी. पट्ट्या बांधायच्या, सरकवायच्या, सोडायच्या. दोन तासांत बारा ओळी बसल्या. कुणीही स्वतःशी खेळत नव्हतं. कळव्याच्या मुलींची पट्टी पोपटी होती.

खाली तेरावी ओळ रिकामी राहिली.

"ही जास्त झाली," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या."

"इथे चहापान लिहू का?"

"ऱ्हाऊ द्या म्हनलो ना, ओ. खाडीतपन तेरावी जागा होती. रिकामी."

"कशासाठी?"

"ठेवायची," ते म्हणाले आणि बिडी ओढायला बाहेर गेले. मला वाटलं, त्यांनाही माहीत नसावं.

समृद्धी ते जाळं बघून इतकी खूश झाली की तिने छापलेले कागद रद्दच करून टाकले. "दोन वेळापत्रकं झाली तर गोंधळ होईल, काका. आता हेच." जाळं हॉल आणि गॅलरी यांच्यामधल्या रुंद दारात टांगलं, दोन्हीकडून दिसावं म्हणून. ही कल्पना कुणाची, हे नीट आठवत नाही. माझी असू शकेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल भरला. आईबाप, डबे, वायरी, बॅटऱ्या. कळव्याच्या तिघी आल्या. त्यांची कप्तान दक्षता, दोन घट्ट वेण्या, रोबो बाळासारखा कडेवर. ती थेट माझ्याकडे आली, कारण मी जाळ्याखाली खुर्ची टाकून बसलो होतो आणि माहीतगार दिसत असणार.

"आजोबा, यात हॉल कुठला नि गॅलरी कुठली?"

"डावीकडे हॉल, उजवीकडे गॅलरी," मी म्हणालो. त्या सबंध दिवसात मला खात्रीने ठाऊक असलेली ती एकच गोष्ट होती. म्हणून जरा मोठ्यानेच सांगितली.

पहिल्या सहा फेऱ्या ठीक गेल्या. दक्षताचा संघ सावलीत एक सामना जिंकला, उन्हात एक हरला. हरल्यावर तिघींनी पिलरच्या आडोशाला बसून रोबोच्या डोळ्यावर काळ्या पुठ्ठ्याची टोपी चिकटवली. कुणी शिकवलं नव्हतं. नामाभाऊ मला म्हणाले, "बगा, ऊन लागला तेव्हा टोपी सुचली. साडेदहाला घरी गेल्या असत्या तर कुठली टोपी?"

सातव्या फेरीला हॉलमध्ये कळव्याचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. समोर बाळकुमच्या शाळेचा संघ रोबो मांडून तयार. तीन मिनिटं झाली. हरिहर सरांनी वहीत कळव्यापुढे शून्य लिहिलं आणि बाळकुमला पूर्ण गुण दिले.

थोड्या वेळाने दक्षता गॅलरीतून धावत आली. "सर, आमचं नाव घेतलं? आम्ही गॅलरीत रांगेत उभ्याच होतो. तिकडची फेरी अजून चालू आहे."

"तुमचा सामना इकडे होता."

"नाही सर, जाळ्यात आमची पट्टी उजवीकडे आहे. मी आता बघून आले. या आजोबांनी सांगितलं, उजवीकडे गॅलरी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जाळ्याकडे पाहिलं. पोपटी पट्टी डावीकडे होती, स्वच्छ डावीकडे. या मुलीला झालंय काय, मला कळेना. नामाभाऊ मात्र दारातून पलीकडे गॅलरीत गेले. जाळ्याच्या भोकांतून त्यांचा चेहरा मला दिसत होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग परत आले.

"मागून उलटा दिसतंय," ते म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जाळ्याला पाठ नसते. दोन्हीकडून ते सारखंच दिसतं, फक्त डावं ते उजवं होतं. एकतीस वर्षांत उत्तरेचा बाण काढल्याशिवाय एकही नकाशा माझ्या टेबलावरून गेला नाही. वरिष्ठ आधी बाण बघायचे, मग नकाशा. आणि इथे मी दिशा तोंडी सांगितली, तीही हॉलच्या बाजूने उभं राहून, आणि बाण काढला नाही.

"मी बांधला, मीच टांगला," नामाभाऊ हरिहर सरांना म्हणाले. "चूक माझी हाय."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण हॉलमध्ये शंभरएक माणसं होती आणि माझा आवाज आलाच नाही.

"चूक कुणाचीही असू दे," हरिहर सर म्हणाले. त्यांचा स्वर चिडका नव्हता, दमलेला होता. "नियम सगळ्यांनी मिळून केलाय. एकीला सवलत दिली तर उद्या बाकीचे मागतील. आणि सामना पुन्हा घ्यायला वेळ कुठंय? सगळ्या फेऱ्या भरलेल्या आहेत."

नामाभाऊंनी खाली वाकून तेराव्या ओळीवर बोट ठेवलं. "ही नाय भरली."

"ही कसली?"

"ही कुनाचीच नाय. खाडीत एखाद्याचा जाळा दुसऱ्याच्या होडीनं फाटायचा. त्याची चूक नाय नि त्याचा उधाण फुकट गेला. मग त्याला ही जागा. सवलत नाय सर. आधीपासून ठेवलेली हाय, कालपासून टांगलीय. ज्याची खेप दुसऱ्याच्या चुकीनं जाईल त्याची."

"आणि कुणाचीच गेली नाही तर?"

"तर रिकामी. रिकामी ऱ्हायली म्हंजे उधाण बरा गेला."

मी तिथे चहापान लिहायला निघालो होतो.

हरिहर सरांनी वहीतलं ते शून्य पुन्हा एकदा बघितलं. मग त्यांनी बाळकुमच्या कप्तानाला बोलावलं. यज्ञेश नावाचा, चष्मेवाला, उंच मुलगा. "तुमचे पूर्ण गुण वहीत लागलेत. ते सोडून खेळायला मी तुम्हाला भाग पाडणार नाही. काय करता?"

यज्ञेश मागे वळला. "अरे, बॅटरी आहे का?"

"आहे ना भाई, फुल."

"मग चल. असंच बसून काय करणार?" मग जरा थांबून, "पण सर, हरलो तर टॉप फोरमधून जाऊ का?"

"जाऊ शकता."

"यार," तो म्हणाला. पण रोबो उचललाच.

बारा फेऱ्या संपल्यावर तेरावी झाली. जेवणं थांबली होती, सगळे मैदानाभोवती दाटले होते. मला पुढे जायचा धीर झाला नाही. मी पाठीमागे, जाळ्याच्या दाराशी उभा राहिलो. काही दिसत नव्हतं. चेंडू टोपलीत पडल्याचे आवाज मोजत होतो, पण कुणाच्या टोपलीत पडतायत हे कळत नव्हतं. एकदम ओरडा झाला. कळव्याच्या मुली जिंकल्या होत्या.

त्यांचे चार सामने पूर्ण झाले. बेरजेत त्या पाचव्या आल्या. बाळकुमचा संघ चौथा, दोन चेंडूंनी पुढे. म्हणजे एवढं करून उपांत्य फेरी त्यांना मिळालीच नाही. मला वाटलं, दक्षता रडेल. ती उपांत्य आणि अंतिम सामने संपेपर्यंत बघत बसली, मग माझ्या खुर्चीपाशी येऊन म्हणाली, "आजोबा, पाचवा नंबर म्हणजे चांगलं की वाईट?"

मी नामाभाऊंकडे पाहिलं. नामाभाऊंनी उत्तर दिलं, "टेम्पो किती वाजता हाय तुमचा?"

"चारला."

"आता वाजले किती?"

तिने घड्याळ बघितलं. पावणेचार झाले होते. तिघींना हसू फुटलं, आणि सामान आवरायला एकच पळापळ झाली.

कळव्याचा गट बंद झाला नाही. आता त्यात सातजणी आहेत, असं समृद्धी सांगते.

स्मरणिका वाचणाऱ्यांमध्ये त्या दिवशी हजर असलेले बरेच असतील. चूक नामाभाऊंची, असंच त्यांच्या लक्षात असणार. ती त्यांची नव्हती. डावं-उजवं त्या मुलीला मी सांगितलं होतं. शंभर माणसांत बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. या वर्षी जाळ्यावर बाण असेल, दोन्ही बाजूंनी.

नामाभाऊंना हे समक्ष सांगायचं म्हणून मी मे महिन्यात त्यांच्या घरी गेलो होतो. ती आमची शेवटची भेट. निमित्त वेगळं होतं. समितीने ठरवलं होतं की यापुढे सगळ्यांना चार सामने, दोन सावलीत, दोन उन्हात, आणि शेवटी एक फेरी मोकळी. ठराव हरिहर सरांनीच मांडला होता. ती बातमी द्यायची आणि त्याच ओघात माझंही सांगून टाकायचं, असं वाटेत घोकत गेलो.

घर कोपरीच्या खाडीकडच्या टोकाला. पुढे छोटं अंगण, त्याला लोखंडी जाळीचं फाटक. अंगणात चटईवर जवळा वाळत घातलेला. नामाभाऊ ओट्यावर बसून जाळं विणत होते.

"या नकाशेवाले. वाट चुकलाव की मुद्दाम आलाव?"

मी बातमी सांगितली. ते "बरा झाला" म्हणाले आणि सुई ओवत राहिले. एवढंच. मला वाटलं होतं, जास्त आनंद होईल.

"नामाभाऊ," मी सुरुवात केली, "त्या दिवशी त्या मुलीला डावं-उजवं..."

"हा टोक धरा जरा," ते म्हणाले. "ताणून. तसा नाय, खालून."

मी टोक धरलं. ते गाठी मारत गेले. अर्धा तास मी जाळं ताणून बसलो होतो. ते मध्येच जवळ्याचा भाव सांगायचे. त्यांना ठाऊक होतं की काय, की ऐकूच आलं नव्हतं? पुन्हा सुरुवात करायला मला वाक्य सापडेना. मग सून चहा घेऊन आली, म्हणजे ती सूनच असावी. चहा झाला. ऊन कललं होतं. मी उठलो, चपला घातल्या, फाटकाबाहेर आलो.

"आकडी लावा," ते आतून ओरडले. "मांजर येतंय."

"लावली," मी म्हणालो.